संगणकाचे कुलूप कोणासाठी?

गतवर्षी तुरीची आवक ऐन भरात असताना अकोल्याच्या बाजारातील एका अडतीवर घडलेला प्रसंग आहे. सकाळचे लिलाव आटोपले, माल काट्यावरून उतरला आणि शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या करण्याची वेळ आली, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर ‘परवाना सापडत नाही’ एवढीच एक ओळ उमटली. संगणकाच्या मागे खोचलेले बोटाएवढे डोंगल विजेच्या चढउतारात जळून गेले होते. ते जागेवर असल्याची खात्री पटल्याखेरीज हिशोबाची आज्ञावली उघडत नसे. अडत्याने आज्ञावलीची पूर्ण किंमत मोजलेली होती आणि तिची पावतीही कपाटात होती. पण पावती संगणकाला वाचता येत नाही. नवे डोंगल मुंबईहून यावयास चार दिवस लागणार होते. मुनीमजींनी कार्बनचे जुने पट्टीबुक शोधून काढले. तथापि ज्यांनी पेरणीच्या वेळी उचल घेतली होती त्यांच्या मागील बाक्या बंद आज्ञावलीच्या पोटात अडकल्या होत्या. परिणामी पट्ट्या अडल्या, पैसे अडले आणि तीस-चाळीस कोसांवरून आलेली माणसे दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिली. विशेष हे की, त्याच रांगेतील दुसऱ्या एका अडतीवर हीच आज्ञावली दिवसभर बिनतक्रार चालू होती. तेथील प्रत विकत घेतलेली नव्हती. कोणीतरी कुलूप फोडून दिलेली, फुकटातली होती.

ही आज्ञावली लिहिणारा तरुण प्रस्तुत लेखकाचा जुना विद्यार्थी. दोन वर्षे खपून, बाजाराचे व्यवहार बारकाईने समजावून घेऊन त्याने ती सिद्ध केली. अडत, हमाली, तोलाई, बाजार समितीचे शुल्क हे सारे तिच्यात आहे. पहिल्या वर्षी काही प्रती विकल्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षापासून विक्री मंदावली, मात्र वापर वाढत गेला. म्हणून त्याने डोंगलचे कुलूप लावले होते. त्या दिवसाच्या मनस्तापानंतर तो अमरावतीस भेटावयास आला आणि त्याने विचारले, “सर, आता कोणते कुलूप लावू?” बाजारात तऱ्हेतऱ्हेची कुलपे मिळतात व त्यांची माहितीपत्रकेही त्याच्यापाशी होती. परंतु हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, तो अर्थशास्त्राचा आहे आणि त्याहूनही अधिक सार्वजनिक व्यवहारनीतीचा आहे. म्हणून त्याची चर्चा येथे करणे उचित वाटते.

पहिल्या प्रतीचा खर्च

जिनिंगच्या कारखान्यात कापसाची प्रत्येक गाठ बांधावयास कापूस, वीज आणि मजुरी लागते. शंभरावी गाठ पहिलीहून स्वस्त पडेल, पण फुकट पडणार नाही. आज्ञावलीचे तसे नाही. तिच्या पहिल्या प्रतीत लेखकाची दोन वर्षे खर्ची पडतात आणि दुसरी प्रत एका क्षणात, जवळजवळ शून्य खर्चात निघते. ज्या वस्तूच्या पुढील प्रतीचा खर्च शून्य, तिची किंमतही खुल्या स्पर्धेत शून्याकडे घसरते. आणि किंमत शून्यावर आली की पहिली प्रत लिहावयास कोणी पुढे येत नाही. हा पेच पुस्तकांच्या बाबतीत फार पूर्वीच ओळखला गेला व त्यातूनच स्वामित्वहक्काचा कायदा जन्मास आला. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणक-आज्ञावलीस साहित्यकृतीचे स्थान मिळाले. कायद्याच्या दृष्टीने आता कादंबरी आणि अडतीच्या हिशोबाची आज्ञावली या एकाच कुळातल्या आहेत.

तक्रारही जुनीच आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये विशीतल्या बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले होते. आमची बेसिक भाषा तुमच्यापैकी बहुतेकजण वापरतात, पण विकत फार थोडे घेतात. मग चांगली आज्ञावली फुकटात कोणी का लिहावी, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुढे ते गृहस्थ जगातील अतिधनिकांत गणले गेले, म्हणून त्या सवालाची आज थट्टा होते. पण अकोल्यातला एक तरुण तोच सवाल करतो तेव्हा थट्टा करणे इतके सोपे राहत नाही. त्याच्या अंगावर घर चालविण्याची जबाबदारी आहे, आणि येथे निर्वाह झाला नाही तर तो पुण्याची गाडी पकडणार हे उघड आहे. अमरावती, बडनेरा, अकोला आणि शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले वऱ्हाडात का थांबत नाहीत, याचे एक लहानसे उत्तर या नकलेच्या व्यवहारातही दडलेले आहे.

येथे आपण सुशिक्षितांनी आपल्याकडेही पाहावयास हवे. पुस्तकाची झेरॉक्स करून वाटणे हा आमच्या क्षेत्रात परोपकार समजला जातो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, सेवानिवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी, नातवाच्या लॅपटॉपवर चालणारी आज्ञावली कोठून आली, हे सहसा कोणी विचारीत नाही. जो कारकून कचेरीच्या रोकडीतला एक रुपया इकडचा तिकडे करणार नाही, तोच हजारो रुपयांच्या आज्ञावलीची प्रत पेनड्राइव्हवर निःशंकपणे घरी नेतो. याचे कारण तो अप्रामाणिक आहे हे नव्हे. मूळ मालकाच्या हातून काहीच जात नाही, तर मग चोरी कसली, असे त्याला मनापासून वाटते.

आज्ञावली बनविणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१७ साली भारतात वापरल्या गेलेल्या आज्ञावलींपैकी ५६ टक्के विनापरवाना असल्याचे म्हटले होते. अशा पाहण्यांतील नुकसानीचे आकडे जपून घ्यावयास हवेत. प्रत्येक फुकट प्रत ही बुडालेली विक्री नसते. ज्या विद्यार्थ्याला तीस हजारांची आज्ञावली कधीही परवडणार नव्हती, त्याने नक्कल वापरली म्हणून विक्रेत्याचे तीस हजार बुडाले असे म्हणता येत नाही. कॅथलीन कॉनर आणि रिचर्ड रुमेल्ट या अभ्यासकांनी १९९१ मध्येच दाखवून दिले की, ज्या आज्ञावलीचे मोल वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते, तिच्या बाबतीत कडक कुलूप प्रसंगी विक्रेत्यासच तोट्याचे ठरते. पण म्हणून नक्कल निर्दोष ठरत नाही. अडत्या हा गरजू विद्यार्थी नव्हे. तो त्या आज्ञावलीवर रोजचा धंदा करतो. कायद्यानेही हा भेद मानला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्यास किमान सात दिवसांचा कारावास व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु तो वापर नफ्यासाठी वा धंद्यात नसेल तर न्यायालय कारावास न देता केवळ दंडावर भागवू शकते.

वऱ्हाडाला कुलूप नवे नाही

हा सारा विषय शहरी आणि परका वाटण्याचे कारण नाही. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने परवाना, स्वामित्वशुल्क आणि चोरटी नक्कल हे तिन्ही कापसाच्या बियाण्यात अनुभवलेले आहे. पूर्वी चांगल्या झाडाची सरकी राखून ठेवावी व पुढील सालची पेरणी भागवावी असा रिवाज होता. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित वाण आला. संकरित बियाण्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही आणि उत्पन्नही घटते, म्हणून शेतकऱ्याला दरसाल दुकानाची पायरी चढणे भाग पडू लागले. निसर्गानेच घातलेले हे कुलूप होते. २००२ मध्ये बीटी कापसास मान्यता मिळाली आणि बियाण्याच्या किमतीत जनुकाचे स्वामित्वशुल्कही आले. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत दीड हजार रुपयांच्या वर गेली. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे दाद मागितल्यानंतर ती साडेसातशेच्या आसपास उतरली. पुढे केंद्राने किंमतनियंत्रण आणले आणि २०१६ च्या हंगामासाठी ८०० रुपयांच्या पाकिटात स्वामित्वशुल्काचा वाटा ४९ रुपये एवढाच ठरविला.

तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीने नव्या पिढीचे, तणनाशकाला दाद न देणारे बियाणे मान्यतेच्या रांगेतून मागे घेतले. पण ते चोरवाटेने शेतात पोचलेच. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे अमान्य बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला, हे वाचकांस आठवत असेल. त्या आंदोलनाच्या बाजूचे वा विरुद्धचे मत येथे मांडावयाचे नाही, कारण पर्यावरणाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. आपल्यापुरता धडा निराळा आहे. मागणी खरी असून सरळ वाट बंद झाली की चोरवाट तयार होते. त्या वाटेवर मिळणाऱ्या पाकिटाला पावती नसते. बियाणे उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करावी हे ठाऊक नसते, आणि पाकिटात नेमके काय आहे हेही कळत नाही. कुलूप फोडलेल्या आज्ञावलीची गत तीच आहे. तिच्याबरोबर आणखी काय काय संगणकात शिरले हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. आणि एके सकाळी सर्व फायली कोणीतरी गोठवून खंडणी मागू लागला म्हणजे पोलिसांत तक्रार देतानाही जीभ अडखळते.

या तुलनेतून कायद्याची एक सुजाण बाजूही दिसते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने पैदासकाराला हक्क दिला. पण शेतकऱ्याला आपल्या पिकातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, किंबहुना ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही अधिकार ठेवला. स्वामित्वहक्काच्या कायद्यातही कलम ५२ नुसार आज्ञावली रीतसर बाळगणाऱ्याला नाशापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा आहे. म्हणजे निर्मात्याचा हक्क आणि वापरणाऱ्याचा हक्क एकाच कायद्यात शेजारी शेजारी नांदावेत, ही आपल्या विधिमंडळाची दृष्टी आहे. कुलूप निवडताना नेमकी हीच दृष्टी हरवते.

कुलपांची जातकुळी

बाजारात जी कुलपे मिळतात त्यांची ढोबळ प्रतवारी अशी करता येईल. सर्वांत साधे म्हणजे अंक-अक्षरांची किल्ली. ग्राहकास एक लांबलचक क्रमांक द्यावयाचा व तो टंकलिखित केला की आज्ञावली उघडावयाची. ही किल्ली शेजाऱ्याला फोनवरूनही सांगता येते. दुसरे डोंगल, त्याचा गुणदोष वर आलाच. तिसऱ्या प्रकारात आज्ञावली त्या विशिष्ट संगणकाच्या भागांची ओळख पटवून घेते. संगणकाची चकती बदलली की परवाना गेला. चौथ्या प्रकारात दूरच्या सर्व्हरला इंटरनेटवरून विचारणा होते आणि तेथून होकार आला तरच काम सुरू होते. पाचव्यात आज्ञावली ग्राहकाच्या संगणकावर नसतेच, ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि महिन्याच्या वर्गणीवर वापरावयास मिळते.

प्रत्येक विक्रेता आपले कुलूप किती अभेद्य आहे हे सांगतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारील: कुलूप बिघडले तर त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? डोंगल जळते ते ग्राहकाचे. चकती बदलावी लागते तीही ग्राहकास. इंटरनेट बंद पडते ते अचलपूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या दुकानात. चोराच्या प्रतीत कुलूपच उरलेले नसते, म्हणून यांतला एकही खर्च त्याच्या वाट्याला येत नाही. अडतीवरील त्या दिवसाचा अर्थ हाच होता. कुलपाचा सारा बोजा ज्याने पैसे मोजले त्याच्यावर पडला आणि ज्याने मोजले नाहीत तो मोकळा राहिला. असा कर कोणत्याही सरकारने बसविला असता तर आपण त्यावर अग्रलेख लिहिले असते.

सर्व्हरवर विसंबणाऱ्या कुलपांचा आणखी एक धोका आहे. सर्व्हर बंद झाला तर विकत घेतलेली वस्तूही नाहीशी होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तके वाचेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले, एवढी तिची ऐपत होती. उद्या आमच्या तरुणाने धंदा आवरला, तो परगावी गेला किंवा दुर्दैवाने आजारी पडला, तर त्याच्या सर्व्हरकडे होकार मागणाऱ्या अडतींनी काय करावे?

कुलूप करणाऱ्याचा तोल कसा जातो याची दोन उदाहरणे विसरण्याजोगी नाहीत. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती कोठे जातात याचा माग काढण्यासाठी एक युक्ती केल्याचे सांगितले जाते. त्यांनी चकतीवर लपून बसणारा एक छोटा मजकूर रचला व त्यात आपले नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांकही घातला. तो मजकूर चकतीवरून चकतीवर पसरत परदेशांत पोचला आणि ‘ब्रेन’ या नावाने वैयक्तिक संगणकावरील पहिला मोठा विषाणू म्हणून इतिहासात नोंदला गेला. हे बंधू आमच्या विद्यार्थ्यासारखेच छोटे व्यावसायिक होते. दुसरे उदाहरण बड्या कंपनीचे आहे. सोनी बीएमजीने २००५ मध्ये संगीताच्या तबकड्यांवर नक्कलविरोधी आज्ञावली अशी दडवली की ती ऐकणाऱ्याच्या संगणकात नकळत शिरे आणि इतर उपद्रवी आज्ञावलींना लपावयास जागा करून देई. बोभाटा झाला, तबकड्या परत घ्याव्या लागल्या. आपला माल राखताना दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार कोणास मिळत नाही.

मराठी अक्षरांचा अनुभव

या विषयाचा मराठीपुरता एक इतिहास आहे आणि तो शिक्षक व लेखनिक वाचकांच्या हातांखालून गेलेला आहे. संगणकावर मराठी उमटविणाऱ्या आज्ञावली ज्यांनी घडविल्या, त्यांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे काम ठळक आहे. निमंत्रणपत्रिकेपासून दैनिकापर्यंतची छपाई या आज्ञावलींनी सुकर केली. त्यांचे ऋण मान्यच करावयास हवे. श्रीलिपी डोंगलवर चालत असे, आणि बाजार लहान व नकला सर्रास असताना ते समजण्यासारखेही होते. परंतु त्या काळात डोंगलहून घट्ट असे एक दुसरे कुलूप नकळत पडले. प्रत्येक उत्पादकाने अक्षरांसाठी स्वतःची सांकेतिक क्रमवारी वापरली. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की अक्षरांची नुसती रांगोळी दिसे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी सामायिक संकेत प्रसिद्ध केला, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी आली. पण त्यांचा वापर रुळावयास पुष्कळ वर्षे लागली. त्या दरम्यान टंकलिखित झालेल्या स्मरणिका, प्रश्नपत्रिका, प्रबंध आणि संस्थांची इतिवृत्ते आजही अनेक कपाटांतील तबकड्यांत पडून आहेत. ती लिहिली आम्ही, पण ती वाचण्याची किल्ली आमच्यापाशी राहिली नाही.

डोंगल हरवले तर नवे मिळते. लेखनच परक्या संकेतात अडकले तर ते परत मिळविणे महाकठीण होते. त्यामुळे आज्ञावलीला कुलूप लावणे आणि ग्राहकाच्या मजकुराला कुलूप लावणे या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आज्ञावली निर्मात्याची आहे, वही वापरणाऱ्याची आहे. आता मराठीत दुसरा प्रवाहही वाहू लागला आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्यावर कोणासही वापरता येतो, त्यात बदल करता येतात, तो पुढे देताही येतो. परवाना म्हणजे केवळ मनाई नव्हे; काय करण्यास मोकळीक आहे हे सांगणारा लेखही परवानाच असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आरंभिलेल्या चळवळीने हा विचार जगापुढे ठेवला आणि १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने तो व्यवहारात उतरवून दाखविला. तेथे प्रत फुकट असली तरी बसवून देणे, शिकविणे, दुरुस्ती करणे, गरजेप्रमाणे बदल करून देणे यांचे मोल घेतले जाते.

विकावयाचे काय?

आमच्या विद्यार्थ्याने नेमका येथेच विचार करावा असे वाटते. तो काय विकतो? तो प्रत विकतो असे समजून चालला, म्हणून प्रत राखणे हा त्याचा धर्म झाला. परंतु हिशोबाची आज्ञावली ही दगडी जाते नव्हे की एकदा घेतले आणि पिढ्यान् पिढ्या दळले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टित, लेबल लावलेल्या डाळींवर, ब्रँड असो वा नसो, ५ टक्के कर बसू लागला; अकोल्याच्या दालमिलांना रातोरात बिले बदलावी लागली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर पुन्हा नव्याने मांडले गेले. असा प्रत्येक बदल झाला की कुलूप फोडलेली प्रत शिळी होते, कारण ती ज्या दिवशी फोडली त्याच दिवशी थिजलेली असते. रीतसर ग्राहकाची प्रत मात्र दुसऱ्या दिवशी अद्ययावत होते, आणि अडचण आलीच तर फोन उचलणारा माणूस असतो. ही सेवा पेनड्राइव्हवरून चोरता येत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखकाचा सल्ला असा होता. कुलूप अवश्य असावे, पण ते दाराच्या कडीसारखे असावे. कडी दरोडेखोरास अडवीत नाही, सभ्य माणसाला मात्र येथे विचारल्याशिवाय येऊ नये हे सांगते. साधी किल्ली पुरे. तिच्यावर ग्राहकाच्या दुकानाचे नाव असावे आणि ते प्रत्येक पट्टीवर छापले जावे, म्हणजे ती दुसऱ्यास देताना हात आखडेल. परवान्याची पडताळणी इंटरनेटवरून करावयाची तर ती वर्षातून एकदा, नव्या आवृत्तीच्या वेळी करावी. आणि पडताळणी फसली तरी निदान महिनाभर काम चालू राहावे. भर हंगामात आज्ञावलीने कधीही पूर्ण बंद पडू नये. परवाना संपला तरी जुने हिशोब पाहता यावेत, छापता यावेत व सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता यावेत. धंदा बंद करण्याची वेळ आली तर कुलूप उघडणारी किल्ली सर्व ग्राहकांना देईन, असे वचन परवान्यातच लिहावे. तो परवाना एका पानाचा आणि मराठीत असावा. किंमत दुकानाच्या उलाढालीनुसार दोन-तीन पायऱ्यांत ठेवावी, कारण नकलेची सर्वांत मोठी भरती, ज्यांना खरी किंमत झेपत नाही त्यांच्यातूनच होते.

यावर एक आक्षेप संभवतो व तो हलका नाही. इतक्या सैल बंदोबस्तात लबाड मनुष्य मोकळा सुटणार नाही काय? काही सुटतील. त्यांच्यासाठी कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. जिल्ह्याच्या गावी एकट्या तरुणाला हा कायदा राबविणे जड जाते, हेही खरे. पण घट्ट कुलपानेही ते साधत नाही, हे अडतीवर दिसलेच. वाणी हिशोबात मापाची तूट धरतो, तशी थोडी गळती धरून चालणारा व्यवहारच टिकतो. गळती शून्यावर आणण्याचा खर्च गळतीहून मोठा झाला की तो हट्ट ठरतो.

परंतु सल्ला एकट्या विक्रेत्याला देऊन भागत नाही. कडीवर भागवावयाचे तर दाराशी येणारी माणसेही कडीचा मान राखणारी हवीत, आणि ते दायित्व आपल्याकडे येते. महाविद्यालयांनी, पतसंस्थांनी, कचेऱ्यांनी वर्षाच्या अंदाजपत्रकात खुर्च्या-टेबलांप्रमाणे आज्ञावलीच्या परवान्यांसाठीही एक रकाना ठेवावा. तेवढा पैसा नसेल तेथे मुक्त परवान्याची आज्ञावली शिकून घ्यावी. फुकट आणि रीतसर असे दोन्ही असणारे पर्याय आज उपलब्ध असताना चोरीची सबब टिकत नाही. विकत घेताना मात्र विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: तुम्ही नसाल तेव्हा हे चालेल काय, आणि माझे हिशोब मला बाहेर काढता येतील काय? आणि आम्ही शिक्षकांनी प्रयोगशाळेत कुलूप फोडलेली आज्ञावली लावून त्याच मुलांना उद्योजकतेवर व्याख्यान देणे थांबवावे. ज्यांनी उद्या आज्ञावली लिहून पोट भरावे अशी आपली इच्छा आहे, त्यांना आपण पहिला धडा तिचे मोल न देण्याचा देत असतो.

त्या विद्यार्थ्याने या हंगामापूर्वी डोंगल काढून टाकले आहे. पट्टीच्या तळाशी आता दुकानाचे नाव व परवाना क्रमांक छापून येतो, आणि वर्षाची सेवा वेगळ्या दराने दिली जाते. सप्टेंबरात कराचे दर बदलल्यानंतर त्या रांगेतील दुसऱ्या अडतीवाल्याने, म्हणजे ज्याच्याकडे फुकटातली प्रत होती त्याने, फोन करून परवान्याचा भाव विचारला. तो घेईल की नाही हे अद्याप ठरलेले नाही. पण त्याला विचारावेसे वाटले, एवढे तरी घडले. आणि ते कोणत्याही कुलपाने घडविलेले नाही.